चावीवाल्याची रोजची गोळी

मंगळवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. संघपाल तळभंडारे रस्त्याच्या मधोमध पाय फाकवून उभा आहे आणि चार फूट लांब लोखंडी चावी फिरवतो आहे. चावीचं खालचं टोक खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर बसलंय, वरच्या आडव्या दांड्यावर त्याचे दोन्ही हात आहेत. एका पूर्ण फेऱ्याला आटा म्हणतात. शिवयोगी सोसायटीचा व्हॉल्व्ह पुरता उघडायला सव्वीस आटे लागतात. तो तोंडातल्या तोंडात मोजतो. चौदाव्या आट्याला पाइपातून हवेचा फुसकारा येतो. विसाव्यानंतर हात हलका होतो. सव्विसाव्याला चावी अडते. तो डायरीत वेळ लिहितो, डायरी खिशात ठेवतो आणि वाकून चावीच्या दांड्याला कान लावतो. लोखंडातून आवाज वर येतो. पाणी असलं तर एकसारखी घरघर, हवा असली तर मधूनच ठोके. आता ठोके आहेत. लाइन चार दिवस कोरडी होती, भरायला वेळ लागणार.

संघपालचं वय अडतीस. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्याचं पद कागदावर वेगळं आहे, लोक त्याला चावीवाला म्हणतात. विजापूर रोडच्या आतल्या बाजूचे पाच भाग त्याच्याकडे आहेत, शिवयोगी सोसायटी त्यातला एक. रोज एका भागाला अडीच तास पाणी सुटतं, म्हणजे प्रत्येक भागाला चार दिवसांआड. त्या अडीच तासांवर पाच दिवसांची धुणी, भांडी, अंघोळी, पाहुणे आणि बारशी ठरतात. वडील याच खात्यात होते, नोकरीत असतानाच वारले. अनुकंपा तत्त्वावर संघपाल लागला त्याला आठ वर्षं झाली. चावी वडिलांचीच आहे. दांड्याला गुंडाळलेली सायकलची ट्यूबही त्यांनीच गुंडाळलेली.

डायरीत आज एक घडी घातलेला अर्ज आहे. चावीचं काम प्रकृतीमुळे झेपत नाही, तरी कार्यालयात हलकं काम मिळावं, असा. खाली सही केलेली नाही. खात्यातल्या साहेबांनी मंगळवारी अकरापर्यंत काय ते सांग म्हणून सांगितलंय. चावी ठेवायची की सोडायची, हे आज ठरायचं आहे.

हे सुरू झालं गेल्या वर्षीच्या मे महिन्यात. पाण्याच्या कामात एक न लिहिलेला नियम आहे. ज्या घरी मयत असेल त्या गल्लीला पाण्याचा वार नसला तरी अर्धा तास पाणी सोडतात, आणि ज्या घरी लग्न असेल तिथं वीस मिनिटं जास्त. मेमध्ये सोसायटीच्या पहिल्या गल्लीत लग्न होतं. मुलीच्या वडिलांनी हात जोडले, संघपालनं वीस मिनिटं जास्त दिली. ती वीस मिनिटं शेवटच्या गल्लीतून गेली. तिथल्या टाक्या अर्ध्याच भरल्या. पुढच्या पाळीला आठ-दहा बायकांनी त्याला व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी घेरलं. एकानं मोबाइलवर चित्रण केलं. त्यात संघपाल एकच वाक्य तीनदा म्हणताना दिसतो, "अहो, लग्नघर होतं." सगळ्यात मोठा आवाज दाक्षायणी काकूंचा होता. निवृत्त शिक्षिका, शेवटच्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं घर. "लग्न त्यांच्या घरी, आणि पारोसे आम्ही राहायचं?" असं त्या म्हणाल्या होत्या. चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस फिरलं. खात्याकडून त्याला खुलासा विचारण्यात आला, त्यानं तो दिला, विषय मिटला.

त्याच्या बाजूनं तो मिटला नाही. फोन वाजला की छातीत धडधड सुरू व्हायची. मग फोन वाजण्याआधीच व्हायला लागली. व्हॉल्व्ह बंद करून तो घरी यायचा, ताटावर बसायचा आणि आटे पूर्ण बसले का, या शंकेनं उठायचा. सहा किलोमीटर गाडी मारून परत. खड्ड्याचं झाकण काढायचं, चावी लावायची, ती अडलेलीच असायची. घरी यायचा. पुन्हा जायचा. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यानं चार खेपा केल्या. त्याची बायको प्रतिक्षा गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला आहे. तिला पेट्रोल लवकर संपतंय यावरून कळलं.

आधी हृदय तपासलं. ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखी ती दुसरी तपासणी केली. दोन्ही चांगल्या. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. दोन महिने गॅसच्या गोळ्या झाल्या. आई मीनाबाई म्हणाली, "मन घट्ट कर. तुझ्या बापानं तीस वर्षं चावी फिरवली, त्याला कुटं काय झालं?" वडील त्रेपन्नाव्या वर्षी गेले होते, पण ते कुणी बोललं नाही.

शेवटी प्रतिक्षानंच विषय काढला. तिच्या कारखान्यातल्या एका बाईला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीचा गुण आला होता. संघपालनं पहिल्यांदा ऐकून घेतलं नाही.

"मला काय वेड लागलंय का?"

"वेड लागलं असतं तर बरं झालं असतं. गप बसून तरी राहिला असतास," प्रतिक्षा म्हणाली. "बुधवारी ओपीडी असते. मी अर्धा दिवस टाकते. तू साहेबाला काय पण सांग."

त्यानं साहेबांना सांगितलं, आईला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचंय. हे कळल्यावर मीनाबाई दोन दिवस धुसफुसत होती. "माझे डोळे चांगले हायत. पाच घरं सोडून कोण बसलंय ते दिसतं मला. दुसरं कायतरी सांगायचं की."

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी तो गेला. तोंडाला रुमाल बांधून. केसपेपरच्या खिडकीवर रांग होती, मग पहिल्या मजल्यावर दुसरी रांग होती. बाकावर बसलेली माणसं त्याला वाटली होती तशी नव्हती. रिक्षावाल्याच्या खाकी शर्टातला एक जण होता. कॉलेजची एक मुलगी वही उघडून बसली होती. एक म्हातारा डबा खात होता. दोन तास दहा मिनिटांनी नंबर लागला.

डॉ. दानेश्वरी मठपती यांचं वय पस्तिशीच्या आतलं असेल. त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत सत्तरच्या वर रुग्ण पाहिले होते, आवाज बसला होता. त्यांनी सहा-सात प्रश्न विचारले. झोप किती? भूक? धडधड झाली की काय वाटतं? मरण येईल असं वाटतं का? संघपालनं एकेक सांगितलं, शेवटच्याला हो म्हटलं. तेव्हा प्रतिक्षानं त्याच्याकडे पाहिलं.

"हृदय ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हा चिंतेचा आजार आहे. औषधानं बरा होतो, वेळ लागतो. ही एक गोळी, रोज रात्री जेवल्यावर. पंधरा-वीस दिवस फरक वाटणार नाही. वाटला नाही म्हणून सोडायची नाही, वाटला म्हणून पण सोडायची नाही. महिन्यानं या."

तीस गोळ्या मिळाल्या. आणि इथं संघपालनं चूक केली.

त्यानं 'रोज' हा शब्द ऐकला होता. पण बाहेर येईपर्यंत त्याच्या डोक्यात वेगळा हिशेब तयार झाला. त्रास रोज होत नव्हता, निदान तितका नव्हता. खरा त्रास शिवयोगी सोसायटीच्या दिवशी व्हायचा. डोकं दुखलं की डोकेदुखीची गोळी, तशी सोसायटीच्या दिवशी ही. पाच दिवसांतून एक. म्हणजे तीस गोळ्या पाच महिने पुरतील. पाच महिने त्या बाकावर बसायला नको. सवयही लागणार नाही. शहरात जिथं पाणीसुद्धा पाच दिवस पुरवून वापरतात, तिथं त्याला यात काही चूक दिसली नाही. प्रतिक्षानं विचारलं की तो घेतली म्हणायचा. सोसायटीच्या दिवशी ते खरं असायचं.

फेब्रुवारीत अशा पाच गोळ्या झाल्या. पाचवी सव्वीस तारखेला, सकाळी साडेपाचला, चहाबरोबर. त्या दिवशी त्याच्यासोबत सिद्राम होता. सिद्राम अठ्ठावन्नाला टेकलेला, मूळचा मोडनिंबचा, खात्यात बत्तीस वर्षं काढलेला. संघपालच्या वडिलांबरोबरही त्यानं काम केलं होतं, म्हणून संघपाल त्याला मामा म्हणतो. झाकण उचलायला आणि लोकांशी बोलायला सिद्राम, चावीला संघपाल, अशी दोघांची वाटणी.

सोळाव्या आट्याला संघपालचे हात थांबले. घाम फुटला. तो दांड्याला कान लावायला वाकला, पण पाणी ऐकू आलं नाही. त्याला फक्त स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते, लोखंडातून यावेत तसे. तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि म्हणाला, "मामा, गेलो मी."

सिद्रामनं त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं काढली, पाण्याची बाटली दिली, मग स्वतः चावी धरून राहिलेले दहा आटे फिरवले. बटणं काढताना खिशातलं गोळ्यांचं पाकीट त्याच्या हाताला लागलं होतं. वीस मिनिटांनी संघपालचा श्वास ताळ्यावर आल्यावर त्यानं ते पुढं केलं.

"ह्ये कशाचं हाय?"

संघपालनं सांगितलं.

"मग आज घेतली न्हाईस व्हय?"

"घेतली की. आज सोसायटीचा दिवस. सोसायटीच्या दिवशी घेतोच मी."

"आन बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी कशाला?"

सिद्रामनं पाकीट परत त्याच्या खिशात घातलं. मग हसला. "आरं, पाणी सोडायलाय का काय तू गोळीचं? मी शुगरची गोळी रोज खातो. नळाला पाणी येवो न येवो. चार दिवसांआड खाल्ली असती तर तुझ्या बापाच्या आदी गेलो असतो."

"सवय लागंल म्हणून."

"भाकरीची लागली न्हाई का? डाक्टरनीला सांग जाऊन. लई शानपना करू नको."

सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी तक्रार आली नाही. पाणी वेळेत पोचलं होतं. पण साहेबांच्या कानावर गेलं की संघपालला रस्त्यात चक्कर आली. साहेबांनी बोलावून आपुलकीनं विचारलं. संघपाल म्हणाला, ऊन. फेब्रुवारी होता. साहेब म्हणाले, "सिद्राम मार्चअखेर निवृत्त होतोय. पुढं तू एकटा. झेपणार नसेल तर अर्ज दे, कार्यालयात बघतो." अर्ज त्याच आठवड्यात लिहिला गेला, सहीवाचून.

मार्चच्या पहिल्या बुधवारी तो एकटाच ओपीडीत गेला. बाकावर बसला आणि शेजारून आवाज आला.

"काय ओ संघपाल, काल आमच्या गल्लीत पाच मिनिटं कमी आलं की पाणी."

दाक्षायणी काकू होत्या. मांडीवर कापडी पिशवी, हातात त्याच्यासारखाच केसपेपर. रुमाल त्यानं बांधला होता, पण काकूंनी त्याला डोळ्यांवरून ओळखलं असावं, किंवा खाकी पँटवरून. पळून जायचा विचार मनात आला, असं त्यानं नंतर प्रतिक्षाला सांगितलं. नंबर अकरा लोकांनंतर होता.

"तुम्ही कुणाला घेऊन आलाय का काकू?"

"कुणाला आणू? मलाच आणलंय." त्या पुढं बघत बोलत होत्या. "अकरा वर्षं झाली. शाळेत असताना सुरू झालं. परीक्षेचे पेपर तपासायला घेतले की हात कापायचे. घरात मिस्टरांना माहीत आहे, आणि तिकडं अक्कलकोटला माझ्या बहिणीला. आता तुला."

संघपाल म्हणाला, "मी कुणाला सांगत नाही."

"ते ठीक आहे. मी पण नाही सांगत." काकूंनी पिशवीतून डबी काढून त्याला बडीशेप दिली. "पण ग्रुपवर मी लिहिणार हं. पाण्याचं पाण्याच्या ठिकाणी. पाच मिनिटं कमी म्हणजे कमी."

"लाइनीत हवा होती काकू."

"दर वेळी हवाच असते रे तुझ्या लाइनीत."

तो हसला. दवाखान्यात हसायला आल्याचं त्याला नवल वाटलं. मग त्यानं तो व्हिडिओ कुणी काढला होता ते विचारलं. काकूंनी पहिल्यांदा त्याच्याकडं तोंड वळवलं. "मी नाही. पण बोलले ते मीच. त्या दिवशी माझी गोळी संपून आठ दिवस झाले होते."

आत डॉक्टरांनी गोळ्या किती उरल्या विचारलं. त्यानं खरं सांगितलं, तीसपैकी चोवीस, सहावी कालच घेतलेली. का, तेही सांगितलं. डॉ. मठपतींनी पेन खाली ठेवलं.

"तुमची लाइन चार दिवस रिकामी राहते. चावी सोडल्या सोडल्या शेवटच्या गल्लीत पाणी पोचतं का?"

"नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. आधी हवा, मग गढूळ."

"औषधाचं तसंच आहे. रोज घेतली तर शरीरात भरलेलं राहतं. तुम्ही दर वेळी रिकाम्या लाइनीत सोडताय आणि पहिल्याच मिनिटाला भांडं लावून बसताय."

संघपालनं विचार केला. "पण मॅडम, आमच्या लाइनीत रोज पाणी नसतंच."

"म्हणून तर तुम्ही इथं आहात," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. बाहेर अजून चाळीस माणसं होती. त्यांनी केसपेपरवर 'रोज' हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आणखी एक गोष्ट सांगितली. व्हॉल्व्ह बघायला परत जावंसं वाटलं तर एकदा जा. दुसऱ्यांदा वाटलं तर घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा, मग ठरवा. पाच आठवड्यांनी या.

त्या रात्रीपासून गोळी प्रतिक्षानं आपल्या ताब्यात घेतली. मिसळणाच्या डब्यात हळदीच्या वाटीशेजारी एक वाटी रिकामी होती, त्यात पाकीट. जेवण झालं की ती वाटी त्याच्यापुढं सरकवते. पहिले दहा दिवस मळमळलं. पंधराव्या दिवसापर्यंत फरक नव्हता. त्याला गोळीचाही कंटाळा आला आणि प्रतिक्षाच्या विचारण्याचाही. कधीतरी तिसऱ्या आठवड्यात तो ताटावरून उठला नाही. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, मीनाबाईच्या आलं. "आज सगळं जेवला," असं ती प्रतिक्षाला म्हणाली.

बरं वाटतं का, या प्रश्नाला तो अजूनही सरळ उत्तर देत नाही. थकवा आहे म्हणतो. पूर्वी भीती होती म्हणून थकवा कळत नव्हता, आता कळतो.

एकतीस मार्चला सिद्राम निवृत्त झाला. नारळ, शाल, फोटो झाले. दोन एप्रिलला सोसायटीच्या दिवशी तो तरीही सहा वाजता खड्ड्यापाशी हजर. "झोपच लागत न्हाई घरात," म्हणाला, आणि सवयीनं झाकण उचललं. त्यानंतर तो मोडनिंबला मुलाकडं गेला. म्हणून आज सात तारखेला संघपाल या खड्ड्यापाशी पहिल्यांदा एकटा आहे.

सहा पंचावन्न. पाणी सोडून पंचेचाळीस मिनिटं झाली. खिशातला फोन थरथरतो. तो बघत नाही. पुन्हा थरथरतो. शेवटच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून दाक्षायणी काकू येताना दिसतात. हातात रिकामी बादली आहे.

"आलं नाही अजून."

"येईल काकू."

"पंचेचाळीस मिनिटं झाली. बघ घड्याळ. ग्रुपवर सगळे विचारायलेत."

छातीत धडधड सुरू होते. त्याला ती ओळखीची आहे. काकू त्याच्या चेहऱ्याकडं बघतात, एक पाऊल मागं सरकतात, बादली जमिनीवर ठेवतात आणि बोलायचं थांबतात. त्यांनाही ती ओळखीची असावी. तो दांड्याला कान लावतो. आधी स्वतःचेच ठोके. तो कान काढत नाही. थोड्या वेळानं त्यांच्याखालून दुसरा आवाज येतो, एकसारखी घरघर. व्हॉल्व्हमधून पाणी चाललंय. म्हणजे अडचण इथं नाही, पुढं आहे. तो चावी उपसून खांद्यावर टाकतो आणि चालत दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी जातो. तिथं तीन घरांच्या मोटारी थेट नळाला लावलेल्या आहेत, घरघर दारातून ऐकू येतेय. तो पहिलं दार वाजवतो.

"मोटार बंद करा. शेवटच्या गल्लीला येईना."

"आमचं पाच मिनिटांत भरतंय की."

"पाच मिनिटांनी लावा. आता बंद करा."

पूर्वी हे बोलायचं काम सिद्रामचं होतं. तिन्ही दारांवर त्याला तेच वाक्य म्हणावं लागतं, तिसऱ्या दारावर आवाज थोडा कापतो. मोटारी बंद होतात. सात वाजून आठ मिनिटांनी काकूंच्या नळाला हवा, मग गढूळ, मग पाणी येतं. त्या ग्रुपवर लिहितात, "पाणी ७.०८ ला आले. १३ मिनिटे उशीर. १३ मिनिटे वाढवून मिळावीत." सात जण खाली अंगठा लावतात.

तो तेरा मिनिटं वाढवतो. आठ चाळीसऐवजी आठ त्रेपन्नला सव्वीस आटे उलटे फिरवून व्हॉल्व्ह बंद करतो, डायरीत लिहितो, झाकण लावतो. गाडी सुरू करून विजापूर रोडपर्यंत येतो. तिथून परत फिरतो. झाकण काढतो, चावी लावतो, ती अडलेली आहे. पुन्हा निघतो. या वेळी रोडवर थांबतो, घड्याळ बघतो, चहा घेतो. दहा मिनिटांनंतरही दुसऱ्यांदा जावंसं वाटतंच. तो जात नाही. कार्यालयाकडं वळतो. हाताला घाम आहे, चहा अर्धा राहिलाय.

दहा पन्नासला तो साहेबांसमोर उभा राहतो.

"ठरलं का?" साहेब विचारतात.

"कार्यालयात काम कुठलं असेल साहेब?"

"तुझ्यासाठी हलकंच बघितलंय. तक्रार कक्ष. खुर्चीवर बसून फोन घ्यायचे, पाणी आलं नाही म्हणून लोक सांगतात ते रजिस्टरला लिहायचं. उन्हात फिरणं नाही."

साहेब चांगल्या मनानं बोलतायत, हे त्याला कळतं.

"दिवसाला किती फोन येतात?"

"उन्हाळ्यात? दोनशेच्या आसपास."

"नको साहेब," तो म्हणतो. "चावीच राहू दे. मामांच्या जागी माणूस मिळाला तर बघा."

"मागणी केलीय. बघू."

बाहेर तो लिपिकाच्या टेबलापाशी थांबतो. दाक्षायणी काकूंची ओपीडीची तारीख उद्याचीच आहे, त्याचीही. त्यासाठी अर्धा दिवस रजा हवी. कोरा कागद नाही, म्हणून डायरीतला बदलीचा अर्ज काढून तो त्याच्या पाठीमागं लिहितो. सोमशेखर नावाचा लिपिक कागद उलटून पाहतो.

"मागं काय हे? असा कागद आवकला चालत नाही. कोऱ्यावर आण." मग स्वतःच खण उघडून एक कागद देतो. संघपाल पुन्हा लिहितो. सोमशेखर वाचतो, चष्मा वर करतो.

"आईचे डोळे झाले का बरे?"

"झाले."

"कारणात वैयक्तिक लिहिलं तरी चालतं. एवढं लिहायची गरज नाही."

"असू दे. दर महिन्याला काय नवीन सांगायचं?"

सोमशेखर कागदावर आवक क्रमांक टाकतो, शिक्का मारतो. कारणाच्या ओळीत लिहिलंय, मानसोपचार ओपीडी. जुना अर्ज संघपाल चुरगळत नाही, घडी घालून परत डायरीत ठेवतो. उरलेली कोरी जागा वेळा लिहायला उपयोगी पडते.

घरी प्रतिक्षा कामावर गेलेली असते. मीनाबाई ताट वाढते. तो जेवतो, उठत नाही, तिथंच भिंतीला टेकून झोपतो.

उद्या बुधवार. त्याच्याकडच्या पुढच्या भागाला पाणी सहा दहाऐवजी पाच चाळीसला सुटेल आणि आठ दहाला बंद होईल, तसा निरोप त्या भागाच्या ग्रुपवर आज चार वाजता गेला आहे. केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते.